अमावस्येचा माल

बिरप्पाविषयी चार चांगले शब्द माझ्याकडून ऐकायला मिळतील अशी कुणाची समजूत असेल, तर ती आधीच काढून टाकतो. चौदा वर्षं मी त्या माणसाबरोबर एका पत्र्याखाली काम केलं आणि त्यातली जवळजवळ सगळी वर्षं आम्ही एकमेकांशी कामापुरतंही धड बोललो नाही. माणूस गेला की त्याच्याविषयी बरं बोलतात. बिरप्पा अजून ठणठणीत आहे आणि माझा रागही.

आमचा कारखाना चिंचोलीच्या एमआयडीसीत. आम्ही गिअर बनवतो, म्हणजे जाड पोलादी दातेरी चाकं, साखर कारखान्यातल्या उसाच्या क्रेनला लागतात तसली, परातीएवढी. दाते पाडून झाले की चाक बिरप्पाकडे जातं. तो ते भट्टीत लाल करतो आणि तेलाच्या टाकीत बुडवतो. त्याने पोलाद कडक होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून मग दुसऱ्या लहान भट्टीत त्याला चार तास मंद आचेवर ठेवायचं, म्हणजे कडकपणा राहतो आणि ठिसूळपणा उतरतो. याला टेम्परिंग म्हणतात, तेही बिरप्पाच करतो. त्यानंतर चाक माझ्या ग्राइंडिंग मशीनवर येतं. मी फिरत्या दगडाने दाते घासून शेवटचं माप आणतो. सगळ्यात शेवटी चाकाला लाल रंग लावून पुसतात, वर पांढरी पावडर मारतात. कुठे तडा असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते.

म्हणजे तडा दिसतो तो माझा हात लागल्यावर. आधी कुणी काय केलं हे कोण विचारतो? शेवटी ज्याच्या हातात चाक होतं तो चोर. आणि दगड जास्त दाबला की दाता तापून तडकतो हेही खरंच, त्यामुळे ग्राइंडरवाल्याला तोंड वर करायची सोय नसते. तडा निघाला की सगळे आपसूक माझ्या मशीनकडे बघायचे. बिरप्पा तर बघायचाही नाही, तो पाठ फिरवून तेल ढवळत बसायचा, आणि ते मला जास्त लागायचं.

आमचं बिनसलं ते पहिल्याच दिवशी. मी नातेपुत्याहून नवा आलेलो, चाळिशीच्या आत, अंगात थोडी मिजास. प्यायच्या पाण्याची बाटली मी तेलाच्या टाकीच्या काठावर ठेवली. बिरप्पा लांबून चालत आला, बाटली उचलली आणि शेडच्या दारातून थेट रस्त्यावर भिरकावली. मग चाळीस माणसांसमोर माझी आई काढली, निम्मी मराठीत, निम्मी कानडीत. गरम तेलात पाणी सांडलं तर भडका उडतो, हे मला त्या दिवशी कळलं. नियम बरोबर होता. पण तो सांगायची ही रीत नव्हे, आणि मी ते पोटात ठेवलं. कारखान्यात सगळे त्याला मामा म्हणतात. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आहे. मी मात्र त्या दिवसापासून नुसतं बिरप्पा म्हणायला लागलो, आणि तेही अरे-तुरेत.

दिसायला उंच, वाळका, भुवया भट्टीने जळून कायमच्या विरळ झालेल्या. कपाळाला भंडारा, डोक्याला टॉवेल, हातमोजे कधीच नाहीत. अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून त्याचं गाव. घरात मेंढरं होती. हा सतराव्या वर्षी मेंढरं भावाच्या गळ्यात घालून सोलापूरला आला आणि एका कापड गिरणीच्या वर्कशॉपमध्ये भात्यावर बसला. तिथल्या मिस्त्रीने त्याला पोलादाचा रंग वाचायला शिकवलं. गिरणी बंद पडली तेव्हा आमच्या मालकांच्या वडिलांनी त्याला उचलून इथे आणला. बायको कधीच वारली, मुलगी विजापूरला दिली आहे. जेवणाच्या सुट्टीत तो एकटा भट्टीच्या आडोशाला बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खातो आणि कुणी शेजारी बसायला गेलं तर उठून जातो. माझ्या मुलीच्या लग्नाला आला, जेवला, जिलबी कच्ची राहिली एवढं माझ्या व्याह्याला सांगितलं आणि गेला. असल्या माणसाला काय म्हणायचं ते मी सांगत नाही.

काम येत होतं, हे नाकबूल करून चालणार नाही. भट्टीचं मीटर बिघडलं तरी चाकाचा रंग बघून तो आकडा सांगायचा आणि मीटर दुरुस्त झालं की आकडा जुळायचा. थंडीत चाक बुडवायच्या आधी तेल कोमट करून घ्यायचा. चाक आडवं कधी टाकायचा नाही, कडेवर उभं सोडायचा, कारण आडवं टाकलं तर एक बाजू आधी गार होते आणि चाक थाळीसारखं वाकतं. हे सगळं मला दिसत होतं. त्यामुळे राग कमी झाला असं मात्र नाही, उलट वाढला. येत असूनही दुसऱ्याला न शिकवणारा माणूस मला ठार मूर्खापेक्षा जास्त खुपतो.

आणि त्याची अमावस्या. अमावस्येला बिरप्पा भट्टी पेटवत नाही. ही रीत मालकांच्या वडिलांपासूनची. बाकीची मशीनं चालू, भट्ट्या तेवढ्या बंद. त्यात बिरप्पाची आणखी एक पाचर होती. तिथी लागायच्या आत भट्टी नुसती विझून चालत नाही, तिच्यात हात घालता येईल इतकी गार पाहिजे. म्हणून आदल्या दिवशी दुपारी बारालाच तो दोन्ही भट्ट्या बंद करायचा. महिन्यातून एक दिवस भट्टी बंद राहिली तर कुणाचं काय अडतं, म्हणून मालक मुकुंदरावही काही म्हणायचे नाहीत.

सहा वर्षांपूर्वी या कारखान्यात मोठा तमाशा झाला होता. तेव्हा मुख्य ग्राइंडर शिवपुत्र नावाचा अक्कलकोटचा माणूस होता आणि मी त्याच्या हाताखाली जुन्या मशीनवर. शिवपुत्र मवाळ, हळू बोलणारा, दगडावर हात इतका हलका की बघत राहावं. त्याच्या हातून एका खेपेत नऊ चाकं तडकलेली निघाली. ज्या कंपनीचा माल होता तिचे लोक येऊन ओरडून गेले. मुकुंदरावांनी बिरप्पाला विचारलं. तो म्हणाला, माझ्याकडून माल सरळ गेलाय, दगडाने जाळला असेल. बस्स, एवढंच. त्या आठवड्यात शिवपुत्रला घरी पाठवलं. जाताना तो सगळ्यांच्या पाया पडला, बिरप्पाच्यासुद्धा. त्याचं मशीन मला मिळालं. मला कुणी काही विचारलं नाही आणि मी काही बोललो नाही.

गेल्या वर्षी चैत्रात तीच पाळी माझ्यावर आली. बेचाळीस चाकांची ऑर्डर, तीन हप्त्यांत द्यायची. पहिला हप्ता बिनतक्रार गेला. दुसऱ्यातली चौदापैकी सात चाकं लाल रेघ घेऊन समोर उभी राहिली. मुकुंदरावांनी मला सगळ्यांच्या देखत झापलं. शेवटी म्हणाले, "हिंदुराव, तिसऱ्या हप्त्यात एक जरी तडा निघाला तरी शिवपुत्र गेला त्याच दारानं तुम्ही जायचं."

माझं वय एक्कावन्न. मला एक मशीन येतं, दुसरं काही येत नाही. सोलापुरात तसली ग्राइंडिंग मशीनं बोटावर मोजण्याएवढी आणि ती सगळी तरण्या पोरांच्या हातात. नातेपुत्याला परत जाऊन भावाच्या ओसरीवर बसणं मला जमलं नसतं. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही. बायकोला वाटलं पित्त झालं. झोपही नीट लागली नाही आणि पडल्या पडल्या मी ज्याला शिव्या घातल्या तो अर्थातच बिरप्पा.

मुकुंदरावांची मुलगी चेतना तेव्हा पुण्याहून आलेली. धातूचं शिक्षण घेतलेली, बोलायला साधी. वडिलांनी सगळा घोळ तिच्यापुढे टाकला. तिचा पहिला संशय तेलावर गेला. तिने आधी जाड तेल भरून पाहिलं. त्यात चाकं फुटेनात, पण पुरती कडकही होईनात. मग पातळ तेल आणलं. कडकपणा आला, पण एका दिवसाची चाकं चांगली निघायची आणि दुसऱ्या दिवसाची फुटायची. तेच तेल, तेच पोलाद, तोच माणूस. बिरप्पा या सगळ्या खटाटोपात एक शब्द बोलला नाही. सांगितलेलं तेल भरायचा, सांगितलेलं तेल काढायचा, चेहरा तसाच घट्ट.

एकदा मी चेतनाताईला सरळ विचारलं की चाक मुळात फुटतंच का. तिने खडू घेऊन शेडच्या फरशीवर एक गोल काढला. म्हणाली, पोलाद कडक होताना किंचित फुगतं. तेलात बुडवल्यावर चाकाचं कातडं आधी गार होतं आणि आधी कडक होतं. पोट मागून गार होतं. ते फुगायला लागतं तेव्हा वरचं कातडं कडक होऊन बसलेलं असतं, मग आतून पोट ढकलतं आणि कातडं ताणलं जातं. पाण्यात बुडवलं तर आत-बाहेरचा फरक फार, म्हणून ताणही फार. पातळ तेलात त्याहून कमी, जाड तेलात आणखी कमी. चाक गार होऊन मांडणीवर पडलं तरी तो ताण आत तसाच उरतो आणि टेम्परिंगला गेल्यावरच सैल पडतो.

मी विचारलं, तव्यावर जाड भाकरीचं कातडं आधी धरलं आणि आतली वाफ मागून उठली की भाकरी फाटते, तसंच ना? ती हसली. म्हणाली, "साधारण तसंच, काका. पण भाकरी तव्यावर फाटते. पोलाद दोन दिवसांनी, नुसतं पडल्या पडल्याही फाटू शकतं. म्हणून हाताला सोसवेल इतकं कोमट असतानाच ते टेम्परिंगला घालायचं असतं."

ते दोन दिवस माझ्या डोक्यात अडकून बसले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी भट्टीचं रजिस्टर काढलं. त्यात प्रत्येक खेपेपुढे बुडवल्याची तारीख आणि टेम्परिंगची तारीख असते, बिरप्पाच्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात. तडकलेल्या खेपा मला पाठ होत्या, जशा दुखऱ्या दाढा पाठ असतात. एकेक काढत गेलो. चांगल्या खेपांच्या दोन्ही तारखा एकच. फुटलेल्या प्रत्येक खेपेत दोन दिवसांचं अंतर. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. त्या दोन तारखांच्या मधल्या चौकोनात दर वेळी काळा गोळा, अमावस्या. मागची कॅलेंडरं ऑफिसच्या कपाटात गुंडाळून ठेवलेली असतात, ती काढून सहा वर्षं मागे गेलो. शिवपुत्रची खेपसुद्धा अमावस्येच्या आदल्या दिवशी बुडवलेली.

म्हणजे असं व्हायचं. आदल्या दिवशी सकाळी बिरप्पा चाकं तेलात बुडवायचा, बारा वाजता भट्ट्या बंद करायचा. टेम्परिंगला चार तास लागतात, ते करत बसलं तर भट्टी गार व्हायची कधी? म्हणून चाकं तशीच मांडणीवर. अमावस्येचा पूर्ण दिवस तशीच. तिसऱ्या दिवशी भट्टी पेटून तापेपर्यंत पुन्हा दुपार. ताणलेलं पोलाद दोन दिवस तिथे पडून राहायचं, आतल्या आत बारीक फाटायचं, आणि मग माझ्याकडे यायचं. मी दगड लावला की तडा तोंड उघडायचा.

मला आनंद झाला हे लपवत नाही. नोकरी वाचली याचा झालाच, पण बिरप्पा सापडला याचा जास्त झाला.

पुरावा पक्का हवा होता. तडकलेलं एक चाक घेतलं, घण मारून तड्याजवळचा दाता तोडला. आतली तड्याची भिंत काळपट तपकिरी होती आणि नव्याने तुटलेला भाग पांढरा चकचकीत. पोलादावर तो तपकिरी रंग टेम्परिंगच्या भट्टीत चढतो. माझ्या दगडाने तडा पडला असता तर तो आतून पांढराच निघाला असता, कारण माझं काम भट्टीनंतरचं. तडा भट्टीत जायच्या आधी होता, यापेक्षा सरळ साक्ष दुसरी नाही.

दाता, रजिस्टर आणि कॅलेंडरं घेऊन मी ऑफिसात गेलो. चेतनाताईने तुटलेला दाता खिडकीशी नेऊन पाहिला आणि वडिलांच्या हातात दिला, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. मुकुंदरावांचं तोंड उतरलं. अमावस्या त्यांच्या वडिलांची होती. त्यांनी बिरप्पाला बोलावलं आणि रजिस्टर त्याच्यापुढे ठेवलं. मी वाट बघत होतो की आता हा खोटं बोलेल, अडखळेल, निदान घाम तरी पुसेल.

तो म्हणाला, "अमावशेचा माल फुटतोच की. म्हणून तर मी भट्टी लवकर इजवतो."

मुकुंदरावांनी मग हळूहळू एकेक विचारून काढलं. बिरप्पाला ही गोष्ट पंधरा वर्षांपासून ठाऊक होती. अमावस्येच्या तोंडाशी पाणी दिलेला, म्हणजे तेलात बुडवलेला, माल फुटतो, हे त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. त्यावरून त्याने इतकंच ताडलं की तिथी वाईट आहे आणि आपण तिच्या फार जवळ जातोय. पूर्वी तो आदल्या संध्याकाळी भट्टी बंद करायचा. शिवपुत्रच्या प्रकारानंतर दुपारी बाराला करायला लागला, म्हणजे चाकं आणखी सहा तास जास्त पडून राहू लागली. माल जितका फुटे तितका त्याचा विश्वास पक्का होई, आणि विश्वास पक्का झाला की माल आणखी फुटे. भट्टीचा रंग बघून आकडा सांगणारा माणूस पंधरा वर्षं स्वतःच माल फोडत होता आणि वरून सोवळं पाळत होता.

मी म्हणालो की मग शिवपुत्रला काढलं तेव्हा तोंडात काय होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मालकांनी जा म्हणायच्या आधीच उठून गेला.

मी त्याला सोडणार नव्हतो. मागोमाग टाकीपाशी गेलो. तो तेलावरची काजळी झाऱ्याने काढत होता. मी पुन्हा तेच विचारलं, या वेळी मोठ्याने.

बिरप्पाने झारा खाली ठेवला. "मी बोललो आसतो तर मी घरी गेलो आसतो. म्हणून न्हाय बोललो," तो म्हणाला. "तू का न्हाय बोललास? त्या दिशी तुज्या हातातबी तुटका दात हुता. उजेडाला धरून बघितलास. आतनं तपकिरी हुता. मंग भंगाराच्या ढिगात टाकलास, वरनं चार चाकं लोटलास. मी हितनंच बघत हुतो."

आता हे सांगायलाच हवं. होय, मी पाहिलं होतं. सहा वर्षांपूर्वी शिवपुत्रच्या तडकलेल्या चाकाचा दाता भंगार टाकताना माझ्यासमोर तुटला होता, आणि आतून तो तपकिरी होता. अमावस्येचं मला काही माहीत नव्हतं. पण तो तडा दगडाचा नाही, शिवपुत्रचा नाही, एवढं मला त्या क्षणी स्वच्छ कळलं होतं. ऑफिस वीस पावलांवर होतं. मी गेलो नाही. नवं मशीन, दिवसपाळी, मालकांच्या तोंडी आपलं नाव, हे सगळं त्या वीस पावलांत माझ्या डोळ्यांपुढून गेलं. कुणी मला विचारलं नाही असं मघाशी लिहिलं ते खरं आहे, आणि ते लिहिताना मला बरंही वाटलं होतं.

बिरप्पा पुन्हा काजळी काढायला लागला.

पुढे सगळं इतकं सोपं निघालं की संताप यावा. भट्टी अमावस्येला पेटवायचीही गरज पडली नाही. चेतनाताईने नियम केला की ज्या दिवशी टेम्परिंग होणार नाही त्या दिवशी एकही चाक तेलात जाणार नाही. बिरप्पाने आदल्या दिवशी बुडवणं बंद केलं, बस्स. त्याची अमावस्या राहिली, माझी चाकं राहिली. तिसऱ्या हप्त्यातल्या चौदाच्या चौदा चाकांवर पांढरी पावडर पांढरीच राहिली. मुकुंदरावांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, शिवपुत्रला हे कळलं पाहिजे, यायचं असेल तर त्याची जागा आहे. तुम्ही शोधून काढलंत, तुम्हीच जाऊन सांगा.

मी जातो म्हणालो. त्या रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी ऊन फार होतं. मग मुलगी माहेरी आली. असे पाच रविवार गेले आणि मालकांनी दोनदा विचारलं तेव्हा दोन्ही वेळा मी, येत्या रविवारी नक्की, असं सांगितलं.

ज्येष्ठातल्या अमावस्येला बिरप्पाच्या भट्ट्या नेहमीप्रमाणे बंद होत्या. त्या संध्याकाळी मी हातपाय धुऊन बसलो होतो आणि फोन वाजला. शिवपुत्र होता. सहा वर्षांनी आवाज ऐकला. अक्कलकोटला तो एका भक्तनिवासात रखवालदारी करतो.

"हिंदुराव, बिरप्पामामा आलता," तो म्हणाला. "दारातच हुबा ऱ्हाऊन सगळं सांगितलं. माजी चूक, तुजी न्हवं, म्हनला. च्याबी न घेता गेला. हिंदुरावानं शोदून काडलं म्हनला." मग त्याने आवाज खाली आणला. "सा वर्सं मला वाटायचं माजाच हात बिगडला. हितं दोन ठिकाणी मशीनचं काम आलतं, गेलो न्हाय. दगडाला हात लावायची भीती बसली. आता वय झालं, आता न्हाय जमायचं. पर तुजे लई उपकार झाले बग."

मी म्हणालो, "असू दे."

एवढंच म्हणालो. सांगायला तोंड उघडलंही होतं, पण तो पुन्हा उपकार म्हणाला आणि मी घरच्यांची खुशाली विचारली.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या मी बिरप्पाला गाठलं. त्याने माझी बाजू सांभाळली असेल तर मला ते त्याच्याकडून नको होतं. माझं का नाही सांगितलंस, असं मी त्याला दातओठ खात विचारलं.

"माजं मी सांगितलं," बिरप्पा म्हणाला. "तुजं सांगायला मी काय तुजा नोकर हाय व्हय? तुजं तू सांग की."

आणि त्याने मला हाताने बाजूला सारलं, कारण मी त्याच्या भट्टीच्या दारात उभा होतो.

त्यात दयामाया नव्हती, मोठेपणा नव्हता. आपल्या वाटणीचं काम केलं आणि दुसऱ्याचं तिथेच पडू दिलं, इतकंच. म्हणूनच मला तो माणूस पूर्वीपेक्षा दुप्पट खुपतो. रोज सकाळी त्याच्याकडून आलेली चाकं माझ्या मशीनवर चढतात आणि एकात दोष निघत नाही. जेवणाच्या सुट्टीत तो भाकरी मोडत बसतो आणि एकदाही माझ्याकडे बघत नाही. बघितलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

शिवपुत्र दर सणाला फोन करतो. दसऱ्याला केला, दिवाळीला केला, संक्रांतीलाही केला. बायकोपोरांना फोनवर बोलावून, हेच ते हिंदुराव, असं सांगतो. सोलापूरहून अक्कलकोट चाळीस किलोमीटर आहे आणि एसटी सकाळपासून सुरू असते.